इंग्रजी सामासिक शब्दांचे अवयव व आघात

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जातो. त्यामुळे खेड्यातील मुलाच्या कानावर इंग्रजी शब्द प्रथम पडतो तो बहुधा प्राथमिक शिक्षकाच्याच मुखातून. त्या वयात कानाला आणि जिभेला जे वळण लागते ते पुढे सहजासहजी मोडत नाही. वर्गात शब्दाचा अर्थ सांगितला जातो, स्पेलिंग घोटून घेतले जाते, अक्षराचे वळणही पाहिले जाते. परंतु शब्दाच्या कोणत्या भागावर जोर द्यावयाचा याकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. वास्तविक इंग्रजी ऐकणारा मनुष्य शब्द ओळखतो तो पुष्कळ अंशी या जोरावरूनच.

आर. के. बन्सल यांनी भारतीयांचे इंग्रजी परकीय श्रोत्यांना कितपत समजते याचा अभ्यास केला होता. हैदराबाद येथील मध्यवर्ती इंग्रजी संस्थेने तो १९६९ साली प्रसिद्ध केला. न समजण्याच्या प्रमुख कारणांत शब्दावरील जोर चुकीच्या ठिकाणी पडणे हे एक कारण त्यात नोंदले आहे. म्हणजे व्याकरण शुद्ध, शब्द योग्य, आणि तरीही बोलणे वाया जाते, असे घडू शकते. या लेखात हा विषय सामासिक शब्दांपुरता मांडला आहे. कारण प्राथमिक पाठ्यपुस्तकांत असे शब्द पानोपानी येतात आणि त्यांचे नियम थोडके व शिकविण्याजोगे आहेत.

अवयव म्हणजे काय?

एका स्वराच्या आधाराने, एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा भाग म्हणजे अवयव. इंग्रजीत त्यास सिलॅबल म्हणतात. छंदःशास्त्रात यालाच अक्षर असे नाव आहे. परंतु शाळेत ‘अक्षर’ हा शब्द लिहिलेल्या खुणेसाठीही वापरला जात असल्याने येथे ‘अवयव’ हीच संज्ञा योजिली आहे.

लिहिलेली अक्षरे आणि उच्चारलेले अवयव यांची संख्या सारखीच असते असे नाही, हे मराठीवरूनही दिसते. ‘घर’ या शब्दात लिहिण्याची अक्षरे दोन, पण बोलताना अवयव एकच, कारण शेवटच्या ‘र’ मधील अकार उच्चारला जात नाही. ‘देवघर’ या सामासिक शब्दात अक्षरे चार आणि अवयव दोन: देव-घर. हे उदाहरण मुलांना आधी दिले असता इंग्रजी शब्दांचे अवयव मोजणे त्यांना परके वाटत नाही.

इंग्रजी शब्दाचे अवयव मोजताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, मोजावयाचे ते कानाला ऐकू येणारे स्वर. स्पेलिंगमधील स्वरचिन्हे नव्हेत. ‘होमवर्क’ या शब्दाच्या पहिल्या भागाच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर लिहिले जाते, पण ते मुके असते. म्हणून अवयव दोनच: होम-वर्क. दुसरी, संयुक्त स्वर हा एकच स्वर मानावा. ‘हाउस’ आणि ‘लाइट’ हे शब्द देवनागरीत तीन अक्षरांनी लिहिले जातात, म्हणून मुले ‘हा-उस’, ‘ला-इट’ असे दोन तुकडे पाडतात. परंतु ‘आउ’ व ‘आइ’ हे तोंडाच्या एकाच हालचालीत होणारे स्वर आहेत. सबब हे दोन्ही शब्द एकावयवी होत. तिसरी, काही शब्दांच्या शेवटी स्वर जवळजवळ लोप पावतो आणि ‘ल्’ हा वर्णच स्वराचे काम करतो. ‘टेबल’ हा त्यातला शब्द. मराठी वर्णमालेत ‘ऌ’ हा वर्ण स्वरांत का गणला जातो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. म्हणून ‘टाइमटेबल’ या शब्दाचे अवयव तीन: टाइम-टे-बल.

याउलट, आरंभीचे जोडाक्षर अवघड वाटल्याने अधिकचा अवयव घुसडला जातो, तोही टाळावा. ‘स्कूल’ हा एकावयवी शब्द ‘इस्कूल’ होताच द्व्यवयवी होतो, आणि ‘फिल्म’चे ‘फिलम’ झाले की तेथेही एक अवयव वाढतो. अवयवांची संख्या बदलली की शब्दाची चालच बदलते.

आघात म्हणजे काय?

शब्दातील एखादा अवयव इतरांपेक्षा ठळक उच्चारला जातो. या ठळकपणास आघात म्हणतात. आघात म्हणजे केवळ मोठा आवाज नव्हे. आघातयुक्त अवयव किंचित लांबतो, त्याच्या ठिकाणी आवाजाची पट्टी बदलते आणि त्यातील स्वर पूर्ण व स्वच्छ उमटतो. आघातहीन अवयव आखूड होतो आणि त्यातील स्वर पुष्कळदा ओझरत्या ‘अ’सारखा मंद पडतो. हा मंद ‘अ’ मराठी जिभेला नवा नाही. तो नेमक्या जागी वापरावयाचा एवढेच शिकावयाचे आहे.

मराठीतही काही अवयव थोडे ठळक असतात, परंतु तेवढ्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. मराठी कान ऱ्हस्व-दीर्घ भेदाला सरावलेला आहे, आघातभेदाला नाही. म्हणूनच मराठी मनुष्य इंग्रजी शब्दाचे सर्व अवयव सारख्याच वजनाने उच्चारतो. तो आळस नव्हे की अज्ञानही नव्हे. ती मातृभाषेची सवय आहे. ही गोष्ट शिक्षकांनी ओळखली म्हणजे मुलाच्या उच्चाराबद्दल राग येण्याचे कारण उरत नाही आणि उपाय कोठे करावयाचा तेही कळते.

सामासिक शब्दातील स्वराने अर्थ बदलतो ही कल्पना मात्र आपल्या परंपरेस अपरिचित नाही. तैत्तिरीय संहितेत व शतपथ ब्राह्मणात त्वष्ट्याची कथा आहे. इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने आहुती दिली. परंतु ‘इंद्रशत्रु’ या सामासिक शब्दाचा स्वर चुकला. उदात्त स्वर अखेरीस असता तर तो तत्पुरुष होऊन ‘इंद्राला मारणारा’ असा अर्थ झाला असता. तो पहिल्या पदावर पडल्याने शब्द बहुव्रीही झाला आणि ‘इंद्र ज्याला मारणारा आहे तो’ असा विपरीत अर्थ निघाला. वृत्र इंद्राच्या हातून मारला गेला. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी याच शब्दाचा दाखला दिला आहे. वैदिक स्वर हा आवाजाच्या चढउताराचा होता आणि इंग्रजी आघात हा मुख्यतः जोराचा आहे, हा भेद विसरता कामा नये. तथापि समासाचा अर्थ स्वराच्या जागेवर अवलंबून राहतो, हे तत्त्व दोहोंकडे सारखेच आहे.

आघात दाखविण्याची खूण

इंग्रजी कोशात आघातयुक्त अवयवाच्या आधी, वरच्या बाजूस एक लहान उभी रेघ देतात. दुय्यम आघात असल्यास तशीच रेघ तळाशी देतात. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ साली प्रथम प्रसिद्ध झाला. अशा कोशांमुळे उच्चार लिहून दाखविण्याची रीत शिक्षकांच्या परिचयाची झाली. काही अमेरिकन कोशांत मात्र आघाताची खूण अवयवाच्या नंतर असते. म्हणून कोश हाती घेताच त्याच्या प्रस्तावनेत खुणांचा खुलासा पाहावा, नाही तर नेमका उलटा उच्चार शिकविला जाण्याचा संभव असतो. या लेखात अवयवापूर्वी रेघ देण्याची पद्धत पाळली आहे आणि अवयव आडव्या रेघेने तोडले आहेत. उदाहरणार्थ: ˈक्लास-रूम, ˈनोट-बुक, ˈन्यूज-पे-पर.

प्रथम सांधा शोधावा

सामासिक शब्दाचे अवयव पाडताना पहिली पायरी सांधा शोधण्याची आहे. दोन शब्द जेथे जुळले तेथे एक अवयव संपतो व दुसरा सुरू होतो. ‘क्लासरूम’चे तुकडे क्लास-रूम असेच पडतात, ‘क्ला-सरूम’ असे कधीही नाही. सांधा सापडला की प्रत्येक पदाचे अवयव स्वतंत्रपणे पाडावेत. ‘ग्रँडफादर’ या शब्दात सांधा ‘ग्रँड’ नंतर आहे. पहिल्या पदात अवयव एक, दुसऱ्यात दोन. एकूण तीन: ग्रँड-फा-दर. ‘वॉटरमेलन’ म्हणजे कलिंगड. दोन्ही पदे द्व्यवयवी, म्हणून अवयव चार: वॉ-टर-मे-लन.

वहीत ओळीच्या अखेरीस शब्द तोडण्याचा प्रसंग आला तरी हाच विचार उपयोगी पडतो. सामासिक शब्द शक्यतो सांध्याशीच तोडावा. ‘न्यूज’ एका ओळीत आणि ‘पेपर’ पुढील ओळीत आले तर वाचणाऱ्यास अडचण होत नाही. एकावयवी शब्द मात्र कधीच तोडू नये. लेखनातील तोड आणि उच्चारातील अवयव सर्व शब्दांत तंतोतंत जुळत नाहीत. पण सामासिक शब्दांच्या सांध्याशी ती दोन्ही बहुधा एकत्र येतात, म्हणून आरंभ येथूनच करणे सोयीचे आहे.

नाव की वर्णन?

आता मुख्य नियम. दोन शब्द मिळून एखाद्या वस्तूचे नाव बनले असेल तर प्रमुख आघात पहिल्या पदावर पडतो. तेच दोन शब्द विशेषण व नाम म्हणून शेजारी आले असतील तर प्रमुख आघात दुसऱ्या शब्दावर पडतो. नोम चॉम्स्की व मॉरिस हॅले यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या ध्वनिरचनेवरील ग्रंथात हे दोन्ही नियम सूत्ररूपाने मांडले आहेत.

ˈब्लॅक-बोर्ड म्हणजे शाळेतील फळा. ब्लॅक ˈबोर्ड म्हणजे काळ्या रंगाची कोणतीही फळी. आज अनेक शाळांत फळ्याचा रंग हिरवा असतो, तरी त्यास ˈब्लॅक-बोर्डच म्हणतात आणि त्यात कोणास विसंगती वाटत नाही. कारण पहिल्या पदावर आघात आला की ते नाव होते, रंगाचे वर्णन उरत नाही. ˈग्रीन-हाउस म्हणजे रोपे वाढविण्याचे हरितगृह. ग्रीन ˈहाउस म्हणजे हिरवे रंगविलेले घर. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान ते ˈव्हाइट हाउस. गावातील चुन्याने रंगविलेले कोणतेही घर व्हाइट ˈहाउस.

शिक्षकांच्या स्वतःच्या व्यवसायातील उदाहरण तर अधिकच बोलके आहे. ˈइंग्लिश टीचर म्हणजे इंग्रजी शिकविणारा शिक्षक. इंग्लिश ˈटीचर म्हणजे इंग्लंडचा रहिवासी असलेला शिक्षक, मग तो गणित का शिकवीना. जिल्ह्यातील शाळांत पहिल्या प्रकारचे शिक्षक पुष्कळ आहेत. आघात चुकला तर त्यांपैकी प्रत्येकजण परदेशी ठरतो!

तीन पदे आली की आघाताचे महत्त्व आणखी वाढते. ‘लाइट’, ‘हाउस’ व ‘कीपर’ हे तीन शब्द याच क्रमाने येऊन दोन अर्थ देतात. ˈलाइट-हाउस कीपर म्हणजे दीपगृहाचा रखवालदार. लाइट ˈहाउस-कीपर म्हणजे वजनाने हलकी अशी घरकाम पाहणारी बाई. लिहिताना शब्दांतील अंतर अर्थ सांगते. बोलताना ते काम आघातास करावे लागते.

मराठीत हाच भेद अन्य मार्गाने साधला जातो. ‘गोडेतेल’ हे खाण्याच्या तेलाचे नाव आहे. ते चवीला गोड नसते. नाव बनताना ‘गोड’ या शब्दाचे रूप बदलले, आणि ‘गोड तेल’ या वर्णनापासून ते वेगळे झाले. इंग्रजीत रूप बदलत नाही, आघात बदलतो. हे साम्य मुलांपुढे ठेवल्यास नियम चटकन मनात ठसतो.

पहिल्या पदाचा स्वतःचा आघात

प्रमुख आघात पहिल्या पदावर पडतो याचा अर्थ तो नेहमी पहिल्या अवयवावर पडतो असा नाही. पहिल्या पदाचा मूळ आघात जेथे असेल तेथेच तो राहतो. ‘पोलीस’ या इंग्रजी शब्दाचा आघात दुसऱ्या अवयवावर आहे. म्हणून ‘पोलीसमन’ चा उच्चार पो-ˈलीस-मन असा होतो. ‘एक्झॅमिनेशन’ या शब्दात आघात ‘ने’ वर आहे; म्हणून परीक्षेच्या दालनाचे नाव एग-झॅ-मि-ˈने-शन हॉल असे उच्चारावे. नेमक्या या ठिकाणी होणारी चूक शाळांत वारंवार ऐकू येते.

दुसऱ्या पदाचे काय होते? त्याचा आघात दुय्यम होतो किंवा पूर्णपणे लोपतो. लोपला की त्यातील स्वर मंदावतो. ‘मॅन’ हा शब्द एकटा असताना त्यातील स्वर स्वच्छ असतो. पण ˈपोस्ट-मन, ˈमिल्क-मन या शब्दांत तो ‘मन’सारखा ऐकू येतो. जुने समास तर इतके झिजतात की सांधाही दिसेनासा होतो. ‘कप’ व ‘बोर्ड’ मिळून झालेला कपाटवाचक शब्द ˈक-बर्ड असा उच्चारतात. ‘प’ चा उच्चार उरलेला नाही. ‘ब्रेक’ म्हणजे मोडणे व ‘फास्ट’ म्हणजे उपवास. उपवास मोडणारा सकाळचा आहार तो ˈब्रेक-फस्ट. त्यातील पहिल्या पदाचा दीर्घ स्वरही आखूड झाला आहे. असे शब्द स्पेलिंगवरून वाचू नयेत. ते ऐकून किंवा कोशात पाहूनच शिकवावेत.

क्रियापदांपासून बनलेल्या नामांनाही हाच नियम लागतो. यंत्र बंद पडले या अर्थी क्रियापद म्हणून ब्रेक ˈडाउन. यंत्राचा बिघाड या अर्थी नाम म्हणून ˈब्रेक-डाउन.

नियमास असणारे अपवाद

सर्व सामासिक शब्द पहिल्या पदावर आघात घेत नाहीत. प्राथमिक शिक्षकांना पुढील गट माहीत असणे पुरेसे आहे.

(१) पहिले पद ज्या द्रव्याची वस्तू बनली ते द्रव्य सांगत असेल तर आघात दुसऱ्या पदावर असतो: कॉटन ˈशर्ट, स्टोन ˈवॉल, गोल्ड ˈरिंग. ˈस्कूल बॅग आणि पेपर ˈबॅग ही जोडी येथे ध्यानात ठेवावी. शाळेसाठी असलेली पिशवी ती पहिली; कागदाची बनलेली पिशवी ती दुसरी. रस आणि केक यांची नावे मात्र यास अपवाद आहेत. संत्र्याच्या रसास ˈऑरेंज ज्यूस असेच म्हणतात.

(२) शरीराचे वा स्वभावाचे वर्णन करणारी सामासिक विशेषणे: लेफ्ट-ˈहँडेड म्हणजे डावरा, गुड-ˈनेचर्ड म्हणजे सुस्वभावी.

(३) दिशांची जोडनावे: नॉर्थ-ˈईस्ट, साउथ-ˈवेस्ट.

(४) रस्त्यांची नावे. शेवटी ‘स्ट्रीट’ असल्यास आघात पहिल्या पदावर, ‘रोड’ असल्यास ‘रोड’ वर: ˈस्टेशन स्ट्रीट, पण स्टेशन ˈरोड.

(५) काही नेहमीचे शब्द: आफ-टर-ˈनून, हिम-ˈसेल्फ, विथ-ˈआउट. शाळेतील ‘हेडमास्टर’ या शब्दाचाही ब्रिटिश उच्चार हेड-ˈमास-टर असा आहे.

अपवादांची ही यादी मुलांकडून पाठ करून घेऊ नये. शब्द पाठात येईल तेव्हा त्याच्या योग्य आघातासह तो ऐकवावा. गट शिक्षकाच्या मनात असावा.

तेरा की तीस?

संख्यावाचक शब्दांत आघात चुकल्यास होणारे नुकसान पैशात मोजता येते. इंग्रजीत तेरापासून एकोणीसपर्यंतच्या संख्या या मुळात समासच आहेत; त्यांतील ‘टीन’ हे पद दहा या अर्थाचे आहे. थर-ˈटीन म्हणजे तेरा, ˈथर-टी म्हणजे तीस. फिफ-ˈटीन म्हणजे पंधरा, ˈफिफ-टी म्हणजे पन्नास. शेवटचा ‘न’ गोंगाटात ऐकू येत नाही. ऐकणारा ओळखतो ते आघातावरून. दोन्ही शब्द सारख्याच वजनाने उच्चारले तर तिकिटाच्या खिडकीवर, दवाखान्यात औषधाची मात्रा विचारताना किंवा फोनवरून रक्कम सांगताना पंधराचे पन्नास होण्यास वेळ लागत नाही.

येथे एक बारकावा आहे. ओळीने मोजताना इंग्रज मनुष्यही ˈथर-टीन, ˈफोर-टीन, ˈफिफ-टीन असा आघात पुढे आणतो, कारण बदलणारा भाग पहिला असतो. तसेच पुढे लागलीच आघातयुक्त नाम आले तर ˈफिफ-टीन ˈबुक्स असे म्हटले जाते. मुले अंक शिकतात ते ओळीने म्हणूनच; त्यामुळे पुढे आणलेला आघातच त्यांच्या जिभेवर पक्का होतो. यास्तव ओळीने म्हणून झाल्यावर सुटे अंक अवश्य विचारावेत. पाटीवर पंधरा व पन्नास हे आकडे लिहावेत, शिक्षकांनी त्यांपैकी एकाचा उच्चार करावा आणि मुलांनी त्या आकड्यावर बोट ठेवावे. नंतर मुलांनी उच्चारावे व शिक्षकांनी बोट ठेवावे. आपला उच्चार दुसऱ्यास कसा ऐकू गेला हे मुलास तत्काळ कळते, आणि हीच या खेळाची किंमत आहे.

वर्गात घ्यावयाचा पाठ

या विषयासाठी स्वतंत्र तासिकेची आवश्यकता नाही. इंग्रजीच्या तासाची सुरुवातीची दहा मिनिटे आठवड्यातून दोनदा दिली तरी पुरे. साधने गावात मिळतात तीच.

पहिली पायरी ऐकण्याची. शिक्षकांनी शब्द दोनदा उच्चारावा. मुलांनी डोळे मिटून ऐकावा. दुसरी पायरी अवयव मोजण्याची. प्रत्येक अवयवास एक टाळी. तिसरी पायरी आघात ओळखण्याची. आघातयुक्त अवयवास टाळी, इतरांस नुसती चुटकी. ज्या शाळेत लेझीम आहे तेथे ठळक अवयवास लेझमीचा ठोका द्यावा. चौथी पायरी मांडण्याची. ठळक अवयवासाठी मोठा खडा, मंद अवयवासाठी चिंचोका, अशी रांग मुलांनी जमिनीवर लावावी. ‘होमवर्क’साठी एक खडा व एक चिंचोका, ‘पोलीसमन’साठी चिंचोका, खडा, चिंचोका. लिहिता न येणाऱ्या मुलासही हे करता येते. पाचवी व शेवटची पायरी फळ्यावर शब्द लिहिण्याची. स्पेलिंग आधी दाखविल्यास डोळा कानावर मात करतो, म्हणून हा क्रम बदलू नये.

ज्या शिक्षकांना वृत्तांचे गण पाठ आहेत त्यांना तीन अवयवांच्या शब्दांची विभागणी सोपी जाईल. ठळक अवयवास गुरू व मंद अवयवास लघू कल्पिले तर ˈन्यूज-पे-पर, ˈग्रँड-फा-दर, ˈबट-र-फ्लाय हे शब्द भ-गणासारखे चालतात. पो-ˈलीस-मन व हेड-ˈमास-टर हे ज-गणासारखे. आफ-टर-ˈनून व से-वन-ˈटीन हे स-गणासारखे. गण हे ऱ्हस्व-दीर्घावर आधारलेले असतात आणि आघात जोरावर. म्हणून हे साम्य केवळ स्मरणाच्या सोयीपुरते मानावे. पण त्या सोयीने फळ्यावर तीन रकाने आखता येतात, आणि पाठात नवा शब्द आला की तो कोणत्या रकान्यात बसतो हे मुलांनाच विचारता येते. वर्षअखेरीस त्या रकान्यांचा एक तक्ता वर्गाच्या भिंतीवर तयार होतो.

चौथी-पाचवीच्या वर्गात नाव व वर्णन यांचा खेळ घेता येतो. शिक्षकांनी ‘ˈब्लॅक-बोर्ड’ म्हणताच मुलांनी वर्गातील फळ्याकडे बोट करावे. ‘ब्लॅक ˈबोर्ड’ म्हणताच टेबलावर ठेवलेल्या काळ्या पुठ्ठ्याकडे.

काही दक्षता

आघात शिकविताना आवाज ओरडण्याइतका चढवू नये. ठळक अवयव जोराने म्हणण्यापेक्षा मंद अवयव हलका करणे अधिक महत्त्वाचे आहे. मुले पहिली गोष्ट लवकर करतात, दुसरी उशिरा.

इंग्लंड व अमेरिका येथील आघातही सर्वत्र एक नाहीत. आठवड्याची अखेर या अर्थाचा शब्द इंग्लंडात वीक-ˈएंड असा, तर अमेरिकेत ˈवीक-एंड असा उच्चारतात. ‘हेडमास्टर’चीही तीच गोष्ट. तेव्हा मुलाने रेडिओवर किंवा मोबाइलवर ऐकलेला वेगळा उच्चार वर्गात केला तर तो चूक म्हणून खोडून काढण्यापूर्वी कोश पाहावा. मुलाचे बरोबर निघाले तर तसे वर्गात सांगावे. त्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही, कोश पाहण्याची सवय मात्र मुलांना लागते.

उच्चारावरून मुलाची थट्टा कोणी करू नये, वर्गातील मुलांनीही नाही. एकदा हसू झाले की मूल तोंड उघडत नाही आणि मग सुधारण्यासारखे काही हातीच येत नाही. मुलाने इंग्रजांसारखे बोलावे हे या शिक्षणाचे ध्येय नव्हे. मराठी वळणाचे इंग्रजी बोलण्यात कमीपणा नाही. ऐकणाऱ्यास पहिल्यांदा सांगताच समजावे, पंधराचे पन्नास होऊ नयेत, आणि पुढे शहरातील शाळेत किंवा नोकरीच्या जागी गेल्यावर आपले बोलणे कोणास कळत नाही म्हणून गप्प बसण्याची पाळी त्या मुलावर येऊ नये, इतकेच साधावयाचे आहे. त्यासाठी शिक्षकांनी पाठ घेण्यापूर्वी त्यातील सामासिक शब्द निवडून, सांध्याशी तोडून, प्रत्येकावर आघाताची रेघ देऊन टाचणवहीत लिहून ठेवावेत. एका पाठात असे शब्द फार नसतात. वर्षभरात मात्र त्यांचा मोठा साठा होतो, आणि पुढील वर्षीच्या वर्गास तो तयार मिळतो.